कापलेला कोपरा

बाबांच्या टेबलावर तीन बायका राहतात, असं बाबा स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तिरपी, लंबू आणि खडबडी. तिरपी साखरेची, लंबू रक्तदाबाची, खडबडी झोपेची. डोळ्यांनी बाबांना केव्हाच दगा दिला होता. खिडकी म्हणजे उजेडाचा चौकोन आणि माणूस म्हणजे आवाज असलेली सावली, एवढंच उरलं होतं. पण सकाळी चहा झाला की त्यांचा हात टेबलावरून सरकत जायचा, बोटांना कापलेला कोपरा लागायचा आणि बाबा म्हणायचे, "या बाईसाहेब, पहिला मान तुमचा." मग उंच अंगाची लंबू. रात्री आडवं होण्याआधी खडबडी, तिच्या अंगावर उठावाचे बारीक ठिपके होते. एकदाही चूक झाली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाबा एकटे राहत होते ते या तिघींच्या जिवावर.

ही तिन्ही औषधांची खोकी त्यांच्या मुलीनं केलेली होती. ती औषधांच्या एका मोठ्या कंपनीत खोक्यांचं डिझाइन करायची आणि कंपनीत तिला सगळे पुठ्ठेबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. वर रंग काय, कुणीही फासतो, असं तिचं मत. पुठ्ठ्याला घडी कुठे पडेल, झाकणाची जीभ कुठे अडेल, म्हाताऱ्या नखाला शिरायला फट कुठे सापडेल, हे ज्याला कळतं तो डिझायनर, बाकीचे रंगारी. बोलायला तिखट होती. बाबांवर गेली होती. बाबा जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत आले आणि चांगल्या चांगल्या घरच्या पोरांना त्यांनी नापास करून दाखवलं.

तिला एक धाकटा भाऊ होता. त्याचा संसार शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या नव्या इमारतीत. आई गेल्यापासून त्यानं एकच धोशा लावला होता, बाबांनी आमच्याकडे यावं. वाईट हेतूनं नव्हे. त्याच्या जिवाला खरंच घोर होता. त्यानं सात खणांची गोळ्यांची डबी आणून दिली तेव्हा बाबांनी ती कानाजवळ धरून हलवली.

"चिरंजीव, हे खण भरणार कोण?"

"मी भरीन ना. दर रविवारी येऊन."

"म्हणजे आठवडाभर मी तुझी वाट बघायची. ने परत. माझ्या बायका बऱ्या आहेत."

शेवटी बापलेकांत तोडगा निघाला. बाबा इथेच राहतील. पण ज्या दिवशी औषधाची गफलत होईल त्या दिवशी निमूटपणे गाडीत बसायचं. बाबांनी हात पुढे केला आणि धाकट्यानं त्यावर टाळी दिली. मुलगी दारात उभी होती. हा सौदा आपल्या खोक्यांवर ठरलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमानच वाटला.

अभिमान वाटण्यासारखं तिच्या खात्यात एक होतं, ते म्हणजे पिशवी. जुन्या साहेबांनी, म्हणजे तिला काम शिकवणाऱ्या माणसानं, ही पद्धत घालून दिली होती. स्टुडिओच्या भिंतीवर खिळ्याला एक जाड कापडाची काळी पिशवी टांगलेली असायची. नवीन खोकं तयार झालं की ते इतर चार-पाच खोक्यांबरोबर पिशवीत टाकायचं आणि मग जो कुणी दारातून आत येईल, हिशेबनीस असो, पाहुणा असो, त्यानं आत हात घालून ते शोधून काढायचं. हात फसला की खोकं नापास, मग ते दिसायला कितीही देखणं असो. "औषध दिव्याखाली कोण घेतं?" जुने साहेब म्हणायचे. "अर्धवट झोपेत घेतात, ताप चढल्यावर घेतात, रडत रडत घेतात." तिरपीचा कोपरा याच पिशवीत जन्माला आला. खोकं चारदा नापास झाल्यावर पुठ्ठेबाईनं रागानं कात्रीनं कोपरा उडवला आणि पुढचा हात अचूक तिरपीवर पडला.

जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. नवे साहेब गोड बोलायचे, सगळ्यांच्या मुलाबाळांची चौकशी करायचे आणि दर वाक्यात एकदा तरी म्हणायचे, "एक ब्रँड, एक चेहरा." आठवडाभरात त्यांचं नाव पडलं एकचेहरी. त्यांनी सोबत एक टेम्प्लेट आणलं होतं. प्रत्येक खोक्याच्या वरच्या भागात निळा पट्टा, पट्ट्यात कंपनीचं चिन्ह, चिन्हाभोवती मोकळी जागा, तिथे मुंगीनंसुद्धा पाय ठेवायचा नाही. औषधाचं नाव खाली, सगळ्यांचं एकाच अक्षरात, एकाच करड्या रंगात. आणि खोकी सगळी एकाच मापाची, म्हणजे पट्टा सगळीकडे एका रेषेत येतो. दुकानाच्या फळीवर शंभर खोकी ओळीनं लावली की निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायची. पडद्यावर ते चित्र पाहून संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

पुठ्ठेबाई बैठकीला पिशवी घेऊन गेली. आत नव्या टेम्प्लेटचे तीन नमुने टाकले आणि पिशवी एकचेहरी साहेबांपुढे धरली.

"यातली साखरेची काढा."

साहेबांनी हसत हसत हात घातला, एक खोकं काढलं. झोपेचं निघालं. पुन्हा घातला, पुन्हा झोपेचंच निघालं. सगळे हसले. साहेबही मनापासून हसले, आणि तिथेच तिचा घात झाला. रागावले असते तर भांडता आलं असतं.

"ताई, मुद्दा एकदम मान्य," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक औषध पिशवीतून काढत नाही ना? आणि नाव लिहिलेलं आहेच की खाली."

"ज्याला वाचता येत नाही त्यानं?"

"त्याच्या घरात कुणीतरी असतंच."

"नसलं तर?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "एकाला सूट दिली की पट्टा तुटतो, ताई. मग टेम्प्लेटला अर्थ काय राहिला?"

आठ दिवसांनी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि सांगितलं की टेम्प्लेट सगळ्या औषधांवर चढवायचं काम एका जाणत्या माणसाकडे हवं. खात्याची प्रमुख, वेगळी खोली, हाताखाली माणसं. तुमच्याइतकं पुठ्ठ्याचं कुणाला कळतं? तिनं विचार करते म्हणून सांगितलं, आणि विचार केलाही. आपण नाही म्हटलं तर दुसरा कुणी करील आणि वाईट करील, हा पहिला विचार. तो सगळेच करतात. दुसरा विचार मात्र तिचा स्वतःचा होता, आणि तो करताना तिला हायसं वाटलं, हीच त्यातली वाईट गोष्ट. बाबांची खोकी आपणच तर नेऊन देतो. बाबांचे कोपरे आपण घरी कापू. बाकी जगाच्या बापांचं त्यांची पोरं बघून घेतील.

तिनं होकार दिला. वेगळ्या खोलीत जाताना तिनं पिशवी खिळ्यावरून काढली आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. कुणी विचारलंही नाही.

नवी खोकी पहिल्यांदा घेऊन गेली तेव्हा आधी तशीच बाबांच्या हातात दिली. का दिली, कोण जाणे. कदाचित त्यांनी ओळखली तर आपली सुटका होईल असं वाटलं असेल. बाबांनी एक चाचपलं, दुसरं चाचपलं, तिसरं नाकाजवळही नेलं.

"ही तिळी भावंडं कुणाची?"

"कंपनीची."

"कंपनी म्हणजे कोण?"

बाबांनी तिन्ही खोकी मांडीवर ठेवली.

"शाळेत एक पोरगा होता माझ्याकडे. आई काढ म्हटलं, काढली. बाप काढला, बहीण काढली, मास्तर काढला. सगळ्यांचे चेहरे एकसारखे, जसा काही छाप मारलाय. मी म्हटलं, अरे गाढवा, यातली तुझी आई कुठली? तर म्हणतो कसा, मास्तर, खाली नाव लिहिलंय ना!"

बाबा स्वतःच्याच गोष्टीवर खदाखदा हसले. मुलीला हसू फुटेना. तिनं पर्समधून कात्री काढली, साखरेच्या खोक्याचा कोपरा तिरपा उडवला. रक्तदाबाच्या खोक्याला रबरबँड गुंडाळला. झोपेच्या खोक्यावर पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला. बाबांनी पुन्हा चाचपलं.

"हां. आता आल्या माझ्या बायका. पण काय गं, हे तू प्रत्येकाच्या घरी जाऊन करणार?"

"तुमच्या घरी करते ना, तेवढं पुरे."

बाबा काही बोलले नाहीत. मास्तर होते, उत्तर चुकलं की ते नेहमी असेच गप्प बसायचे.

तेव्हापासून दर शनिवारी ती खोकी घेऊन जायची आणि बाबांच्या टेबलाशी बसून कात्री चालवायची. ऑफिसात पाच दिवस सगळ्या खोक्यांचे कोपरे काटकोनात बसवायचे आणि सहाव्या दिवशी एकाचा कापायचा. आपण काय करतोय हे न कळण्याइतकी ती बावळट नव्हती. पण काम अंगवळणी पडलं. पुढे गोळ्यांच्या पट्ट्याही एका मापाच्या झाल्या. गोळ्या तर आधीपासूनच सारख्या, बारीक आणि गोल.

मग टेम्प्लेटच्या अनावरणाचा मोठा कार्यक्रम ठरला. हॉटेलचा हॉल, व्यासपीठामागे खोक्यांची भिंत, त्या भिंतीवरून जाणारी ती निळी रेघ. भिंत उभारायचं काम पुठ्ठेबाईकडे. रेघ दोन ठिकाणी केसभर हलत होती आणि एकचेहरी साहेबांचा जीव खालीवर होत होता. शनिवार तिथेच गेला. तिनं बाबांना फोन केला. "सोमवारी येते बाबा. गोळ्या आहेत ना तोवर?"

"बघतो, बघतो. तू तुझं काम कर."

रविवारी सकाळी बाबांचाच फोन आला. हॉलमध्ये ठोकाठोक चालली होती, तिनं एका कानात बोट घातलं.

"गोळ्या संपल्या होत्या," बाबा ओरडून सांगत होते, त्यांच्या आवाजात शाळकरी पोराचा आनंद होता. "मी स्वतः खाली जाऊन आणल्या. कठडा धरून. तिन्ही जिने! दुकानदार म्हणाला, मास्तर, कमाल आहे तुमची."

"वा बाबा!" ती म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी शिडीवरून हाक मारली, "मॅडम, पट्टा बघा जरा." तिनं फोन ठेवला आणि पट्टा बघायला गेली.

वा बाबा. एवढंच. कोपऱ्याची आठवण तिला झालीच नाही. तीन नवी करकरीत खोकी, एका मापाची, एका अंगाची, तिच्याच हातची, तिच्या बापाच्या टेबलावर जाऊन बसली आणि ती म्हणाली, वा बाबा.

बाबा तसे सावध माणूस. दुकानदाराला विचारून त्यांनी खोकी ओळीनं लावली होती. डावीकडे साखर, मधे रक्तदाब, उजवीकडे झोप. दुपारी कामवाल्या मावशी आल्या. त्यांनी टेबल स्वच्छ पुसलं, खोकी उचलून बाजूला ठेवली आणि पुन्हा नीट ओळीत मांडली. ओळ अगदी सरळ मांडली, बिचारीनं. फक्त डावीकडचं खोकं उजवीकडे गेलं आणि उजवीकडचं डावीकडे.

रविवारी रात्री बाबांनी झोपेची म्हणून साखरेची गोळी घेतली. झोप येईना, म्हणून आणखी एक घेतली. वयाप्रमाणे दोन घास खाऊन पडलेला माणूस. रात्रीत साखर उतरत गेली. सोमवारी सकाळी मावशींनी आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा बाबा जमिनीवर होते, घामानं चिंब, आणि हाक मारली तर वेगळंच काहीतरी पुटपुटत होते. त्या वेळी हॉलमध्ये पडदा बाजूला होत होता. निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आली होती.

बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. हात शाबूत, पाय शाबूत, जीभ शाबूत. पण दवाखान्यात मुलीनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला तेव्हा बाबांनी विचारलं, "हे पाणीच आहे ना?" जन्मात त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं जमीन फाटावी.

धाकट्यानं सौद्याची आठवण करून दिली नाही. गरजच पडली नाही. बाबांनी स्वतःच सांगितलं, "चिरंजीव, गाडी आण." मावशींनी आणून दिलेली दोन खोल्यांची किल्ली त्यांनी उशीखालून काढून त्याच्या हातात ठेवली.

"चूक माझी आहे," मुलगी भावाला म्हणाली. "खोकी..."

"ताई, अगं वय झालंय त्यांचं," धाकटा समजुतीनं म्हणाला. "खोक्यांचा काय संबंध?"

त्यानं दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

कंपनीतून फळांची टोपली आली. वर एक कार्ड होतं. वरच्या भागात निळा पट्टा, पट्ट्यात चिन्ह, भोवती मोकळी जागा, आणि खाली करड्या अक्षरात 'लवकर बरे व्हा'. सहीला जागा कमी पडली होती म्हणून एकचेहरी साहेबांनी मागच्या बाजूला सही केली होती. पुठ्ठेबाई ते कार्ड हातात धरून हसायला लागली आणि बराच वेळ तिला थांबता येईना. शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई घाबरून नर्सला बोलवायला निघाली.

रजा संपल्यावर ती सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली. बसली नाही. सगळं सांगितलं, बाप, टेबल, मावशी, सगळं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. त्यांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं.

"निदान साखरेच्या खोक्याचा कोपरा परत द्या," ती म्हणाली. "एकच कोपरा. रंग तुमचा, पट्टा तुमचा."

"पुढच्या आवृत्तीत नक्की मांडू," साहेब म्हणाले. "मी स्वतः मांडीन. पण आत्ता सगळ्या यंत्रांची मापं बदललीयत, ताई. तुम्हीच तर बसवून दिलीत."

तिनंच बसवून दिली होती, आणि चोख बसवली होती. ती आपल्या खोलीत आली, कपाटाचा खालचा खण उघडला आणि पिशवी काढली. पिशवीत हात घातला तर तळाशी एक जुनं खोकं अडकून राहिलं होतं. न बघताच बोटांनी सांगितलं कुठलं ते.

त्या शनिवारी रात्री ती धाकट्याच्या घरी गेली. बाबांना स्वतंत्र खोली दिली होती, हवेशीर, पलंगालगत कठडा, दाराला घंटी. भावजयीनं काही कमी ठेवलं नव्हतं. बाबा खुर्चीत बसले होते, दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. टेबलावर पाण्याच्या तांब्याखेरीज काही नव्हतं.

"बाबा, ओळखा पाहू," ती म्हणाली आणि ते जुनं खोकं तिनं त्यांच्या हातात दिलं.

बाबांची बोटं खोक्यावरून फिरली. तिरप्या कोपऱ्यावर येऊन थांबली. चेहऱ्यावर काहीतरी हललं, ओठ उघडले. ते आता म्हणतील, या बाईसाहेब, म्हणून ती वाट बघत राहिली.

"रिकामं आहे," बाबा म्हणाले.

"हो. नमुना होता. तुमच्याजवळ ठेवा. मी यात भरून देते ना गोळ्या. तीन वेगळी करून देते, पहिल्यासारखी. टेबलावर ठेवू, तुम्ही तुमच्या हातानं..."

"कशाला उगाच? इथे सगळं वेळेवर मिळतं." त्यांनी खोकं तिच्या दिशेनं धरलं. ती जिथे बसली होती त्याच्या जरा डावीकडे धरलं, म्हणून तिला वाकून घ्यावं लागलं.

तेवढ्यात भावजय आत आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळ्या; डॉक्टरांनी आता तिन्ही औषधं रात्री एकदमच द्यायला सांगितली होती. "बाबा, औषध."

बाबांनी हात पुढे केला, तळवा वर करून. भावजयीनं त्यावर गोळ्या ठेवल्या. तीन होत्या, बारीक, गोल, सारख्या. मुलगी बघत राहिली. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक पोराला, प्रत्येक दुकानदाराला, डॉक्टरलासुद्धा उलट विचारल्याशिवाय सोडलं नाही, तो आता विचारील, यातली कुठली कशाची, असं तिला वाटलं.

बाबांनी तोंड उघडलं, तिन्ही एकदम टाकल्या, पाणी प्यायले आणि रिकामा पेला परत दिला. कुठली कशाची, हे त्यांनी विचारलं नाही.